गॅलापागोसला छोट्या बोटीने जायचंय: महिना, मार्ग आणि बोट ठरवायला मदत हवी

करवीरकन्या | ९ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, राजाराम बंधारा पुन्हा पाण्याखाली गेलाय आणि आम्ही दोघं घरात बसून नकाशे बघतोय. म्हणून हा धागा.

मी एकतीस वर्षं कोल्हापुरात शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की फळ्यावर गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोची काढायची, जाड, बारीक, वाकडी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय का हो हा पक्षी?" मी नाही म्हणाले. तेव्हापासून ठरवलंय की तिकडे, दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर देशाच्या त्या बेटांवर, जायचं. फंडाचे थोडे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवलेत.

मी ५९, हे ६४. यांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. जोतिबा अजून पायी चढतात. मोठ्या जहाजावर जायचं नाही हे नक्की. आम्हाला कॅसिनो नको, जनावरं आणि पक्षी बघायचेत. सोळा जणांच्या बोटी असतात असं वाचलं. पण एकेक पत्रक उघडलं की डोकं चक्रावतं. कुणी चार दिवस म्हणतं, कुणी आठ. कुणी पश्चिम मार्ग, कुणी दक्षिण. सगळेच म्हणतात की आमचाच मार्ग उत्तम. कोणत्या महिन्यात जावं? यांना घाटात गाडी लागते, मग बोट लागेल का? आणि एवढ्या लांब जाऊन काय चुकवू नये? कुणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

नेसरीकर | ९ ऑगस्ट, रात्री १०:०२

ताई, बेत लई भारी हाय. पण एवढे पैसे घालून जगाच्या त्या टोकाला कशाला? आपलं अंदमान काय वाईट हाय? बेटं हायत, जंगल हाय, तिकडं एक बेट असं हाय की तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडं कुठंच नाही.

करवीरकन्या | ९ ऑगस्ट, रात्री १०:२५

नारकोंडम म्हणताय तुम्ही. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आणि त्याचा स्वतःचा धनेश, खरंच नवल आहे. पण तिथे खास परवानगीशिवाय उतरता येत नाही, दादा. अंदमान आम्ही २०१६ साली केलं. आता मला तीच बेटं बघायचीत ज्यांची चित्रं फळ्यावर काढली.

खाडीकाठ | १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

ताई, आम्ही २०२३ च्या मे महिन्यात आठ दिवस सोळा जणांच्या बोटीवर होतो. लांबलचक प्रतिसाद देतोय, चहा घेऊन वाचा.

सगळेजण बोट आधी निवडतात, तिथेच चुकतं. आधी प्राणी निवडा. प्राण्यावरून महिना ठरतो, महिना आणि प्राणी मिळून मार्ग ठरतो, आणि मग त्या मार्गावर त्या तारखांना कोणत्या बोटी आहेत ते बघायचं. केबिनचा रंग, खिडकी वगैरे सगळ्यात शेवटी.

याचं कारण तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम. २०१२ पासून कोणतीही बोट एका ठिकाणी चौदा दिवसांत दुसऱ्यांदा जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक बोटीचा पंधरा दिवसांचा फेरा असतो आणि त्याचे तुकडे करून विकतात. एका तुकड्यात सगळी बेटं येऊच शकत नाहीत. "आठ दिवसांत संपूर्ण गॅलापागोस" असं कुणी म्हणालं की समजा तो खोटं बोलतोय. माझ्या मेव्हण्याला एका एजंटने पश्चिम मार्ग म्हणून मधल्या बेटांचा मार्ग विकला होता. बोटीवर चढल्यावर कळलं. तेव्हा कोणत्या दिवशी सकाळी कुठे, दुपारी कुठे, उतरण्याच्या जागेच्या नावानिशी लेखी मागा. नुसतं बेटाचं नाव पुरत नाही. एस्पान्योला बेटावर दोन जागा आहेत. गार्डनर बे म्हणजे पांढरी वाळू आणि समुद्रसिंह, आणि पुंता सुआरेझ म्हणजे अल्बट्रॉस, हा मोठा समुद्रपक्षी. पत्रकात फक्त एस्पान्योला लिहिलं तर विचाराच.

आता मार्ग. पश्चिमेला फर्नांडिना आणि इसाबेलाची मागची बाजू. तिथे समुद्राच्या पोटातला थंड प्रवाह वर येतो, त्यामुळे मासळी भरपूर. न उडणारा पाणकावळा फक्त तिथेच आहे. आपल्या रंकाळ्यावर पंख पसरून उन्हात बसतो ना, तोच घराण्यातला. पण इथे त्याचे पंख आखूड होऊन गेलेत आणि तो तरीही ते तसेच पसरून वाळवत बसतो. ते बघून मला भरून आलं होतं. पेंग्विनही जास्त करून तिकडेच. फर्नांडिनाच्या काळ्या लाव्हावर समुद्री इग्वाना शेकड्यांनी एकमेकांवर पडलेले असतात आणि नाकातून मिठाच्या पिचकाऱ्या मारतात. समुद्रात चरणारा सरडा जगात हा एवढाच.

दक्षिण-पूर्वेला एस्पान्योला, फ्लोरेआना, सान क्रिस्तोबाल. लाटांचा अल्बट्रॉस जवळजवळ सगळाच्या सगळा एस्पान्योलावर अंडी घालतो. पंखांचा पसारा सव्वादोन मीटरच्या आसपास. एप्रिलच्या सुमाराला येतात, डिसेंबरात जातात. जानेवारी ते मार्च गेलात तर बेट रिकामं. उत्तरेला हेनोवेसा, तिथे लाल पायांचे बूबी पक्षी. पण रात्रभराचा उघडा समुद्र ओलांडावा लागतो.

दिवसांचं म्हणाल तर चार दिवसांची फेरी घेऊ नका. चार दिवस म्हणजे तीन रात्री, पहिला अर्धा विमानात, शेवटचा अर्धा विमानतळावर. हाती पूर्ण दिवस दोनच. एवढ्या लांबून तेवढ्यासाठी नको.

बोटीवर दिवस कसा जातो म्हणाल, तर सकाळी साडेसहाला नाश्ता, आठच्या आत बेटावर. रबरी होडीला तिथे पांगा म्हणतात. कधी खडकावर पाय टाकून उतरायचं, कधी गुडघाभर पाण्यात. परत येऊन पोहणं, जेवण, थोडी डुलकी, दुपारी दुसरी जागा. संध्याकाळी गाइड दुसऱ्या दिवसाचं समजावून सांगतो आणि रात्री बोट चालते. सोळा माणसांना एक गाइड हा नियम आहे, म्हणून सोळाची बोट. शंभर माणसांचं जहाजही तिथे असतं, पण उतरायला आणि चढायला रांगा लागतात.

खर्च आम्हाला बोटीचा माणशी साडेचार हजार डॉलर पडला, विमान वेगळं.

शेंगदाणा_चटणी | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

खाडीकाठ, या प्रतिसादाला वाचनखूण. एकच विचारते, जेवणाचं काय? आमच्या घरात सासूबाई पूर्ण शाकाहारी.

खाडीकाठ | १० ऑगस्ट, सकाळी ९:५०

बुकिंगच्या वेळी सांगितलं की शाकाहारी मिळतं. भात, राजम्यासारख्या शेंगा, कच्ची केळी तळलेली, भाज्या, सूप. चौथ्या दिवशी तिखटाची आठवण येते. पण चटणी नेताना सांभाळा. बेटांवर जाण्यापूर्वी सामानाची जैविक तपासणी होते. ताजी फळं, बिया, कच्चे दाणे, माती लागलेलं काहीही चालत नाही. बुटाच्या तळव्याची मातीसुद्धा धुऊन न्या. बाहेरून आलेलं एक बी किंवा एक मुंगी तिथे काय करते याचा अनुभव त्यांनी घेतलाय.

गवा | १० ऑगस्ट, दुपारी ४:४०

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं त्या बेटांवर जातात. आपल्याकडे दाजीपूरला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की गवा आत निघून जातो, हे मी वीस वर्षं बघतोय. मग जगातल्या सगळ्यात नाजूक जागी आपण आणखी दोघांनी का जावं? बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. प्रश्न मनापासून विचारतोय.

खाडीकाठ | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

गवा, प्रश्न रास्त आहे. मी सांगतो ते असं की वाढ बोटींमुळे झालेली नाही. बोटींवरच्या खाटांची संख्या बांधलेली आहे. वाढ झाली ती गावात हॉटेलात उतरून रोज ये-जा करणाऱ्यांची. बेटांच्या जमिनीपैकी ९७ टक्के राष्ट्रीय उद्यान आहे, १९५९ पासून. तिथे गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही, वाट सोडता येत नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब, ड्रोन नाही, फ्लॅश नाही, संध्याकाळी सहाला बेट रिकामं. परदेशी माणसाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून १०० चं २०० डॉलर केलं. जायचंच असेल तर या शिस्तीत गेलेलं बरं, असं मला वाटतं.

करवीरकन्या | १० ऑगस्ट, रात्री ८:३०

गवाभाऊ, तुमच्या प्रश्नावर मी यांच्याशी दोन तास बोलले. उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही. एक ठरवलं की जाताना ज्या गोष्टी मी वर्गात शिकवल्या, त्या तिथे कशा सांभाळल्या ते नीट बघून यायचं आणि शाळेत जाऊन सांगायचं.

गवा | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मग कासवं बघा. आणि त्याआधी आपल्या गावची एक गोष्ट आठवा. कोल्हापूर संस्थानात चित्तेखाना होता. चित्ता पाळायचा, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचा आणि काळविटाच्या मागे सोडायचा. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आम्हाला त्या चित्तेवानांचं कौतुक ऐकवत लहानाचं मोठं केलं, चित्त्याबद्दल कुणी बोललं नाही.

एस्पान्योलावरच्या महाकाय कासवांचंही तसंच व्हायचं होतं. देवमाशांची शिकार करणारी गलबतं ती कासवं जिवंत उचलून तळघरात रचून ठेवायची, कारण महिनोन्महिने अन्नपाण्याशिवाय जगतात, म्हणजे ताजं मांस. शेवटी त्या बेटावर चौदा उरली. बारा माद्या, दोन नर. ती उचलून तिथल्याच सांताक्रूझ बेटावरच्या कासवं वाढवण्याच्या केंद्रात आणली. तिसरा नर अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आला, त्याचं नाव दिएगो. या पंधरांपासून जवळपास दोन हजार पिल्लं वाढवून बेटावर सोडली आणि जून २०२० मध्ये ती पंधराही म्हातारी कासवं परत स्वतःच्या बेटावर नेऊन सोडली. पिंटा बेटाला तेवढा वेळ मिळाला नाही. तिथला शेवटचा, ज्याला एकटा जॉर्ज म्हणायचे, तो २४ जून २०१२ ला गेला.

बाई, तुम्ही पोरांना हे दोन्ही सांगा, एस्पान्योला आणि पिंटा. मग तुमच्या जाण्याला माझा विरोध नाही.

करवीरकन्या | ११ ऑगस्ट, सकाळी ७:२०

सांगेन. शब्द दिला.

नाडीपरीक्षा | ११ ऑगस्ट, रात्री ११:००

मी डॉक्टर आहे, राजारामपुरीत दवाखाना आहे. तीन गोष्टी सांगतो, त्यातली पहिली कुणीच लिहिली नाही म्हणून आधी तीच.

पीतज्वर, म्हणजे यलो फिव्हर. आपलं सरकार एक्वादोरला पीतज्वराच्या देशांत धरतं. तिथून भारतात परतताना लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, फक्त अधिकृत केंद्रात घ्यायची, मुंबईत आहे. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. काका ६४ चे आहेत, तेव्हा त्यांची तब्येत तपासून डॉक्टरांनीच निर्णय घ्यावा. लस टाळायची ठरली तर परतल्यावर काय होणार, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसरं, एक्वादोरची राजधानी कीतो २८५० मीटर उंचीवर आहे. बीपीच्या माणसाला पहिल्या दिवशी धाप, डोकेदुखी होऊ शकते. ग्वायाकिल हे तिथलं दुसरं शहर समुद्रसपाटीला आहे आणि बेटांची विमानं तिथूनही सुटतात. तुम्ही ग्वायाकिल धरा.

तिसरं, बोट लागणं. गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. अ‍ॅव्होमिनने झोप येते, म्हणून ती बोटीवर पहिल्यांदा न घेता घरी एकदा घेऊन बघायची. बीपीच्या गोळीबरोबर चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आलेपाक खिशात असू द्या, थोडा आधार होतो.

नेसरीकर | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

डॉक्टर, यलो फिव्हरचं बरं सांगितलंत. आमच्या गल्लीतला एकजण तिकडून दुसऱ्या एका देशातनं आला, कार्ड घरी विसरला, आणि सहा दिवस अडकून पडला. बायको बाहेर, हा आत.

खाडीकाठ | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

ताई, बोट लागते का ते इथेच तपासून घ्या. पावसाळा संपला की मालवणला या. किल्ल्याची होडी पुरणार नाही, ती दहा मिनिटांत पोचते. बाहेर उघड्या समुद्रात दोन-तीन तास नेणारी होडी ठरवा.

(मधल्या अडीच महिन्यांत धागा शांत होता, म्हणून करवीरकन्या यांचा हा प्रतिसाद वर आणतोय. – संपादक)

करवीरकन्या | २८ ऑक्टोबर, रात्री ९:४५

मालवणला जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण ज्यांना आमच्यासारखी शंका आहे त्यांच्या कामी येईल.

पहिल्या दिवशी गोळी न घेता गेलो. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर चाळीस मिनिटांत यांचा चेहरा उतरला. उलटी झाली, हात गार पडले. मी घाबरले. होडीवाल्या दादांनी यांना मागे मधोमध बसवलं, क्षितिजाकडे बघायला सांगितलं आणि तोंडावर वारा येईल अशी होडी फिरवली. वीस मिनिटांत जरा माणसात आले. मला काहीच झालं नाही. परतल्यावर हे म्हणाले, "तू एकटी जा गॅलापागोसला." रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. चाळीस वर्षांत एकटी मी पन्हाळ्यालाही गेलेले नाही, आणि यांच्याशिवाय तो अल्बट्रॉस बघायची इच्छाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाऊण तास आधी गोळी, हलका नाश्ता म्हणून दोन घावणे, आणि तोच समुद्र. तीन तास बसले. झोपाळले, पण उलटी नाही. शेवटच्या अर्ध्या तासात डॉल्फिन दिसले तर उभे राहून बोट दाखवत होते. त्या क्षणी आमचं ठरलं.

आता विचारते. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र जास्त खवळलेला असतो असं वाचलं, म्हणून मे धरतोय. पश्चिम की दक्षिण-पूर्व? पाणकावळा सोडवत नाही आणि अल्बट्रॉसही सोडवत नाही.

खाडीकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काकांना सलाम.

मे अगदी योग्य. जानेवारी ते मे पाणी उबदार आणि समुद्र शांत, मग जूनपासून थंड हवा, धुकट पाऊस आणि लाटा. मे म्हणजे दोन्हींच्या मधला काठ. अल्बट्रॉस आलेले असतात, अंडी घातलेली असतात, नुकत्याच भेटलेल्या जोड्या अजून चोचीवर चोच आपटत नाचत असतात. तुम्ही दक्षिण-पूर्वच घ्या. पाणकावळा वर्षभर तिथेच असतो, पुन्हा कधी गेलात तर भेटेल. अल्बट्रॉससाठी मात्र महिने ठरलेले. शिवाय गवाभाऊंनी सांगितलेली कासवं एस्पान्योलाचीच. ज्या केंद्रात ती वाढवली ते सांताक्रूझवर आहे, तेही मार्गात येतं.

दोन सांगाड्यांची बोट, म्हणजे कॅटामरान मागा, कमी डोलते. एकाच सांगाड्याची असेल तर केबिन खालच्या मजल्यावर मधोमध. खिडकी छोटी मिळते, पण काकांची झोप होते.

आणि एक. पुंता सुआरेझची वाट मोठमोठ्या गोट्यांवरून जाते. कड्यावर पोचलात की घाई करू नका. अल्बट्रॉसला जमिनीवरून सहज उडता येत नाही. तो डुलत डुलत कड्यापर्यंत चालत येतो, काठावर थांबतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि स्वतःला खाली सोडून देतो. ते पंख उघडताना बघा.

शेंगदाणा_चटणी | २९ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

अंगावर काटा आला वाचून.

टाकाळा | २९ ऑक्टोबर, दुपारी १:००

व्हिसाबद्दल: ऑगस्ट २०१९ पासून भारतीयांना एक्वादोरचा व्हिसा लागतो, दूतावास दिल्लीत आहे. विमान मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे बघा. मधल्या विमानतळासाठी वेगळा व्हिसा लागतो का ते विमान कंपनीकडून लेखी घ्या. ग्वायाकिलला बोटीच्या निदान दोन दिवस आधी पोचा. बॅग मागे राहिली तर बोट थांबत नाही. चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलरच आहे. प्रवेशशुल्काचे २०० आणि बेटांवर जाणाऱ्यांना लागणाऱ्या नियंत्रण कार्डाचे २० डॉलर रोख, सुट्ट्या नोटांत. कार्ड बेटांच्या विमानात चढण्यापूर्वी तिथल्याच विमानतळावर मिळतं. आणि ओल्या खडकावर चामड्याची चप्पल अजिबात नको, रबरी पकडीच्या सँडल घ्या.

करवीरकन्या | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५५

कळवायला आनंद होतोय. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली बोट ठरली. सोळा जण, कॅटामरान, आठ दिवस. उतरण्याच्या सगळ्या जागा लेखी घेतल्या: पुंता सुआरेझ सकाळी, गार्डनर बे दुपारी. यांच्या लशीचं दोन डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन दोघंही घेतोय. ग्वायाकिलला दोन रात्री.

फ्लोरेआनालाही एक सकाळ आहे, तिथल्या पोस्ट ऑफिस बेवर. अठराव्या शतकाच्या शेवटापासून तिथे एक लाकडी पिंप आहे. खलाशी त्यात घरची पत्रं टाकायचे आणि त्या बाजूला जाणारं गलबत ती घेऊन जायचं. अजूनही तसंच चालतं. पोस्टकार्ड बिनतिकिटाचं टाकायचं आणि आपल्या गावाजवळचं कुणाचं असेल तर उचलून हाताने पोचवायचं. मी माझ्या शाळेच्या दहावीच्या वर्गाला कार्ड लिहिणार आहे. चौदा कासवांचं आणि एकट्या जॉर्जचं. वर लिहीन की पक्षी बघितला.

पंढरपुरी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

इतके दिवस नुसतं वाचत होतो. आम्ही चौघं पुढच्या सप्टेंबरात त्याच मार्गाने जातोय, फ्लोरेआना आहे. पिंपात कोल्हापूरचं कार्ड तोवर कुणी उचललं नसेल तर मी आणून शाळेत देईन. शाळा कुठली ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.